तिहेरी शर्यत आणि दसऱ्याचं धुणं

गावाचं नाव सांगत नाही. मला अजून तिथंच नोकरी करायची आहे आणि रोज कालव्याच्या काठानंच शाळेला जायचं आहे. पाथरी आणि मानवत यांच्या मधे कुठंतरी, एवढं पुरे.

मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. पृथ्वीवरचे सगळे मोठे कालवे मला तोंडपाठ आहेत. कोणता कुठून निघतो आणि कोणत्या दोन समुद्रांना जोडतो, हे मी झोपेत सांगेन. घरापासून हाकेच्या अंतरावरचा कालवा मात्र अभ्यासक्रमात नव्हता, म्हणून तो मी कधी नीट पाहिलाच नाही. पुढं जे घडलं त्याला एवढं एक कारण पुरेसं आहे. बाकीची कारणं शेजारच्या दिनकररावांनी पुरवली.

शाळेच्या रद्दीत एक इंग्रजी मासिक आलं होतं. त्यात एकाच माणसाची तीन चित्रं होती. पहिल्यात तो पाण्यातून निघालेला, दुसऱ्यात सायकलीवर, तिसऱ्यात पळत. तिन्ही चित्रांत तो हसत होता. जगात असा एक खेळ आहे की ज्यात माणूस तीनदा दमतो आणि तीनदा हसतो, हे वाचून माझं काळीज पिंपळपानासारखं हललं. मी त्याच आठवड्यात 'त्रिवेणी क्रीडा मंडळ' स्थापन केलं. पोहणं, सायकल, पळणं, अशा तीन धारा. धावणारे सभासदही तीनच. मी, सायकलीचं दुकान चालवणारा नागनाथ आणि दवाखान्यातला कंपाउंडर बन्सीधर. अध्यक्ष दिनकरराव. ते निजामाच्या अमदानीत कचेरीत पेशकार होते. त्यांना पळता येत नाही, पण कोणत्याही गोष्टीला फाटे फोडता येतात, आणि अध्यक्षाला त्याहून जास्त काय लागतं?

घरी मात्र या बातमीचं स्वागत झालं नाही. आमच्या कमलबाई चुलीपुढं बसल्या होत्या. मी उभ्यानंच मंडळाचे उद्देश वाचून दाखवले. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "मधमाश्यांचं काय झालं?"

"त्या गेल्या."

"हस्तलिखित मासिकाचं?"

"एक अंक निघाला होता की."

"सौरचुलीतला भात अजून कच्चाच हाय." मग तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. तिचं पाहणं म्हणजे सुपातून धान्य पाखडणं. हलकं असेल ते उडून जातं. "अवो, तुमचं समदं सुरू होतंय. शेवटाला काहीच जात न्हाई. हे एकदा शेवटाला न्या. न्हाई नेलं, तर उभ्या जन्मात परत काही काढायचं न्हाई. मंडळ न्हाई, मासिक न्हाई, माशा न्हाईत. घ्या पोखर्णीच्या नरसिंहाची आण."

मी आण घेतली. जपूनच घेतली, कारण नरसिंह आमचं कुलदैवत आणि त्याच्यापुढं सबबी चालत नाहीत. विचार करा, माणसाजवळ नव्या कल्पनेशिवाय दुसरं असतं काय? पगार सोसायटीला जातो, केस वाऱ्याला जातात, मुलं शिकायला परभणीला जातात. उरते ती सकाळी उठल्यावर सुचलेली एखादी गोष्ट. तीही जर गेली, तर मग मी आणि वर्गातला पृथ्वीचा गोल यात फरक तो काय? दोघंही कुणी फिरवलं तरच फिरणार.

तर शेवटापर्यंत जायचं, एवढंच माझं ध्येय होतं. नंबर तर हातचा होता. तिघांत तिसरा कोणीतरी येणारच.

परदेशात या खेळाचा हंगाम बर्फ वितळल्यावर सुरू होतो. आमच्याकडं तो कालव्याला पाणी सुटल्यावर सुरू होतो. त्या साली श्रावणानंतर पाऊस रुसून बसला होता, कापूस माना टाकत होता, विहिरींनी तळ दाखवला होता. पाणी सुटणार अशी हवा होती, पण कधी ते कळेना. मग पाटकरी ग्यानबा एका संध्याकाळी मला बाभळीआड घेऊन गेला. कालव्याची दारं उघडणं-मिटणं त्याच्या हाती, त्यामुळं तो साध्या वाक्यातही दार थोडंच उघडतो.

"मास्तर, तुमचं खेळाचं पवित्र काम म्हनून सांगायलोय. कुनाला बोलू नका. शनवारी वरून पानी सुटतंय. ऐतवारी सकाळी आपल्या पुलाखाली कमरेच्या वर."

"नक्की?"

"माज्या जिभेला हाड हाय का न्हाई ते बगा, पन पान्याला हाय."

याचा अर्थ मला लागला नाही, पण गुप्त माहितीचा अर्थ विचारायचा नसतो. मी शर्यत रविवारची जाहीर केली. घटस्थापनेच्या आधीचा तो शेवटचा रविवार. हे मी कॅलेंडरात पाहिलं होतं, आणि मला ते शुभ वाटलं होतं.

दिनकररावांना ते अशुभ वाटलं. "मास्तर, पितरांचा पंधरवडा चालू हाय. या दिवसांत इफ्तिताह? लोक काय म्हणतील? अव्वल तर हे काम नाजूक."

"पण पाणी त्याच दिवशी येतंय."

"मग उद्घाटन म्हणू नका. सराव म्हणा. सरावाला पितरांची हरकत नसते." त्यांनी डोळे मिटून तोड काढली. "नारळ आणायचा, पण फोडायचा न्हाई. पिशवीत ठेवायचा. हार आणायचा, पण कुणाच्या गळ्यात घालायचा न्हाई. भाषण मी करीन, पण उभ्यानं न्हाई, बसून."

ही सवलत मिळाल्यावर परवानग्या राहिल्या. त्या काळात विद्यापीठाच्या नामांतराच्या मुद्द्यावरून सगळा मराठवाडा तापलेला. आज इथं बंद, उद्या तिथं मोर्चा, आणि चार माणसं एकत्र दिसली की बंदोबस्त. चौकीतल्या जमादारांनी माझा अर्ज उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"किती जन पळनार?"

"तीन."

"मागं कोन लागनार?"

"कोणीच नाही."

"मग पळता कशाला?"

भूगोलात याचं उत्तर नाही. जमादारांनी आवाज खाली आणला. "खरं सांगा मास्तर. बाजूनं का विरोधात?"

"कशाच्या?"

"आता कशाच्या म्हनून मलाच इचारता! नामांतराच्या."

"जमादारसाहेब, आम्ही पाण्यात असणार."

"पान्यातबी दोन काठ असत्यात." हे वाक्य मला इतकं आवडलं की मी वहीत लिहून घ्यायला खिसा चाचपला, तेवढ्यानं त्यांचा संशय वाढला. शेवटी त्यांनी परवानगी दिली, पण घोषणा द्यायच्या नाहीत या अटीवर. बुडताना ओरडलेलं चालेल का, असं माझ्याबरोबर आलेल्या बन्सीधरनं विचारलं. त्यांनी विचार करून सांगितलं की एकेकट्यानं ओरडावं.

कालव्याच्या कचेरीत वेगळाच पेच. कालव्यात उतरायला मनाई होती. परवानगी द्यायची तर पाणी कशासाठी वापरणार ते लिहावं लागे, आणि त्यांच्या छापील कागदावर पोहणं नव्हतं. तिथले कारकून सज्जन गृहस्थ. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडं सहानुभूतीनं पाहिलं. "गुरुजी, पिकाला पानी, घरगुती वापर, आनि जनावरं. तुमाला कशात बसवू?"

"आम्ही पिणार नाही हो. नुसते जाणार."

"जनावरंबी कैकदा नुसतीच जात्यात." आणि त्यांनी लिहिलं: जनावरे, नग तीन. खाली शिक्का मारला. एकवीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाला सरकारनं दिलेली ती पहिलीच लेखी मान्यता.

सराव आम्ही बन्सीधरच्या चुलत्याच्या विहिरीत केला, गुडघ्याएवढं पाणी होतं तोवर. इथं एक शास्त्रीय अडचण सांगितली पाहिजे. आमच्याकडं प्रत्येक माणूस विहिरीत पोहायला शिकतो, पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधून. विहीर गोल, म्हणून पोहणंही गोल. आम्ही तिघंही उत्तम पोहत होतो, पण सरळ जायचं कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या अंगातच वळण होतं. नागनाथ म्हणाला, "मास्तर, फिकीर नको. कालवा लांबडा हाय, आपुन गोल. कुठंतरी मधे भेटतीलच."

शनिवारी संध्याकाळी घरी आलो तर ओसरीवर डोंगर. गोधड्या, वाकळा, चादरी, जाजम, पडदे, उशांचे अभ्रे, माझं थंडीतलं मफलरसुद्धा. कमल कमरेला पदर खोचून एकेक गोधडी झटकत होती. मी म्हणालो, "उद्या पहाटे उठायचंय."

"मलाबी," ती म्हणाली.

"तू येणार कालव्यावर?"

"येनार म्हंजे? समद्याच येनारायत."

तुम्हाला काय सांगू! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझी एखादी गोष्ट पाहायला ही बाई उंबरा ओलांडून आली नव्हती. सौरचूल अंगणात होती, तीही तिनं खिडकीतून पाहिली. आणि आज ती गल्लीतल्या सगळ्या बायकांना घेऊन शर्यतीला येणार! गोधड्या बसायला असतील, असं मी धरून चाललो. एवढ्या गोधड्या म्हणजे गर्दी मोठी. माझे डोळे भरून आले. ती म्हणाली, "धूळ गेली का डोळ्यात? सरका तिकडं."

रविवारी उजाडताना पुलावर पोचलो तर ग्यानबाचा शब्द खरा ठरला होता. पाणी आलं होतं. तांबूस, नवं, कडेची वाळकी पानं पुढ्यात घेऊन चाललेलं. आणि पाण्याच्या दोन्ही कडांना, पुलापासून पार दूरच्या वळणापर्यंत, बाया.

बाया काठावर, बाया पायऱ्यांवर, बाया गुडघाभर पाण्यात. धोपटण्यांचा आवाज असा की जणू गावानं एकदम शंभर दारं ठोठावावीत. लाल, हिरवी, आमसुली गोधडी पाण्यात अंग टाकत होती, फुगत होती, पिळली जात होती. साबणाचा फेस पांढऱ्या मेंढरांसारखा कळपानं खाली चालला होता.

घटस्थापनेच्या आधी घरातला कपडा न् कपडा धुऊन काढायचा, याला आमच्याकडं दसरा काढणं म्हणतात. विहिरी आटलेल्या, म्हणून त्या साली सगळा गाव कालव्याच्या पाण्याकडं डोळे लावून होता. हे सगळ्यांना माहीत होतं. मला माहीत नव्हतं, अध्यक्षांना माहीत नव्हतं, नागनाथला नाही, बन्सीधरला नाही. आम्हा चौघांच्या घरी दर वर्षी गोधड्या आपोआप धुतल्या जात. झाडाला पालवी फुटावी तशी गोधडीला नवी कळा येत असेल, अशी माझी अंधूक समजूत होती. ग्यानबानं गुपित माझ्याआधी गल्लीगल्लीत सांगितलं होतं, प्रत्येकीला स्वतंत्र बाभळीआड नेऊन.

"परत जावं का?" बन्सीधर पुटपुटला. आम्ही तिघं चड्डी-बनियनवर, खांद्यावर टॉवेल.

"अन् माझी आण?" मी म्हणालो.

तेवढ्यात कडूबाईंनी आम्हाला पाहिलं. कडूबाई म्हणजे नागनाथची आई, सगळ्या धुण्याच्या सेनापती. त्यांनी धोपटणं खांद्यावर टाकलं आणि सुरात म्हणाल्या:

"कालव्याच्या कडंला, उघड्यांची आली वरात,
नवरदेव कोन बाई, सोडून आले का घरात!"

दोन्ही काठ हसले. पाणीसुद्धा हसल्यासारखं वाटलं. अध्यक्ष दिनकररावांनी बसून भाषण सुरू केलं, "मोअज्जिज हाजिरीन," पण धोपटण्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही, त्यामुळं ते फार चांगलं झालं. मग त्यांनी शिट्टी वाजवली.

वाट अशी ठरली होती: पुलापाशी उडी, खालच्या दगडी पायऱ्यांपर्यंत पोहायचं, तिथं ठेवलेल्या सायकली घेऊन पाथरी रोडच्या फाट्याला वळसा घालून परत पायऱ्यांवर, आणि तिथून काठाकाठानं पळत पुन्हा पुलाशी. पुलाजवळ दोन बाभळींना दोरी बांधली होती. तिला शिवलं की शेवट.

आम्ही उड्या मारल्या. विहिरीतले म्हणून आम्ही लगेच गोल फिरू लागलो. बन्सीधर पहिल्याच वळणात डाव्या काठाला लागला, सुटला, आणि दुसऱ्या वळणात पुन्हा त्याच बाईच्या पाटीशी उगवला. ती म्हणाली, "बरं झालं भेटलात कंपाउंडरसाब. पोराला जुलाब लागलेत, त्या पांढऱ्या गोळ्या जेवनाआधी का नंतर?" ते ऐकून दुसरी आली, तिच्या मागं तिसरी. बन्सीधर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तपासायला लागला. त्याचा दवाखाना तिथंच बसला, आणि शर्यत त्याला सोडून पुढं वाहून गेली.

नागनाथ जोरात होता. पण कडूबाईंच्या समोरून जाताना आवाज आला, "नाग्या!" आईनं पुरं नाव न घेता हाक मारली की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. "मुकाट्यानं नीघ. ह्या घोंगड्याचं टोक धर. मघाधरनं मानूस हुडकायलेय, अन् हा पान्यात खेळायलाय." नागनाथ निघाला. जाताना माझ्याकडं त्यानं अशी नजर टाकली की जणू त्याला रणातून माघारी बोलावलंय.

म्हणजे पाण्यात मी एकटा. एकटा माणूस पहिलाच असतो, ही गोष्ट माझ्या लक्षात आली आणि अंगात बळ आलं. साबणाचा फेस ओलांडला, ठिगळांच्या वाकळा चुकवल्या. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, ते जन्माचं वळण सुटलं. मी सरळ पोहू लागलो. वर आभाळ, पुढं मोकळं पाणी, कडेला हिरवी तूर. पायऱ्या दिसायला लागल्या. पायऱ्यांवर माझी सायकल उन्हात माझी वाट पाहत होती. मला त्या मासिकातल्या माणसासारखं हसू आलं, पण तोंडात पाणी जाईल म्हणून मी ते आवरलं.

इतक्यात मागून हाक आली. "अवो!"

एवढीच. पण नवऱ्याला त्या 'अवो'चे सूर कळतात. मीठ संपल्याचा 'अवो' वेगळा, पाहुणे आल्याचा वेगळा. हा त्यातला नव्हता. मी मान वळवली. धारेच्या मधोमध मोठी गोधडी चालली होती, फुगून, डुलत, एखादी जाडजूड पाहुणी बैलगाडीत बसून निघावी तशी. कमल काठानं पळत होती, पदर सुटलेला, हात पुढं. तिच्या हातून निसटली होती.

ती गोधडी मी ओळखली. तिच्या आईच्या लुगड्यांची. वरचा थर अंजिरी, आतला हिरवा, त्याच्याआत एक विटका पिवळा, तो आईच्या लग्नातला. आई गेली त्या वर्षी कमलनं आठ महिने टाके घातले होते. दुपारी दोरा ओवताना ती गुणगुणायची, आणि मी पलीकडच्या खोलीत नकाशे रंगवत असताना ते ऐकायचो. धाव टाका, माग टाका. जणू आईच्या पाठीवर बोटं फिरवावी.

पायऱ्या हाताशी होत्या. गोधडी मधल्या धारेत. पायऱ्या सोडल्या तर धार मला पुढं नेणार, थेट खालच्या दारापर्यंत, आणि त्या दाराच्या फटीतून गोधडी गेली तर गेलीच. नरसिंह वर, कमल काठावर, आणि मी मधे. खरं सांगतो, मी क्षणभर सायकलीकडं पाहिलं. मग हात मारला तो धारेकडं.

ओली गोधडी म्हणजे काय असते हे ज्यानं उचलली नाही त्याला सांगून उपयोग नाही. मी तिला धरलं, तिनं मला त्याहून घट्ट धरलं. पुढं आम्ही दोघांनी जे केलं त्याला पोहणं म्हणता येणार नाही, पण बुडणंही म्हणता येणार नाही. कधी ती वर, कधी मी. काठावरून बाया धावत होत्या, आणि त्यातूनही कडूबाईंचा सूर सुटला नाही:

"मास्तर पव्हत गेले, पान्याला आलं हसू,
गोधडी म्हनती बाई, कुनाच्या गळ्यात बसू!"

खालच्या दारापाशी लोखंडी जाळी होती. तिला आम्ही एकत्रच लागलो. ग्यानबा वर उभा होता. त्यानं वाकून पाहिलं. "मास्तर, मी म्हनलं व्हतं ना पान्याला हाड असतंय? ह्ये लागलं बगा." आणि आम्हाला वर ओढलं, आधी गोधडीला.

पडून राहावंसं वाटत होतं. पण नियम मीच केले होते, आणि त्यात पायऱ्यांच्या पुढं पोहू नये असं कुठंही नव्हतं. गोधडी खांद्यावर घेतली, काठाकाठानं मागं पायऱ्यांशी आलो आणि सायकलीवर बसलो. गोधडी कॅरिअरला बांधली तर तिचं टोक चाकात जाई. म्हणून ती अंगावर पांघरली. नागनाथनं चांगली सायकल स्वतःला ठेवली होती. माझीची साखळी दर चढाला रुसायची. अंगातून कालवा गळत, साखळी चढवत, असा मी पाथरी रोडच्या फाट्याला पोचलो.

फाट्यावर एस.टी.ची वाट पाहणारी माणसं उठून उभी राहिली. एक म्हातारी पुढं आली, तिनं माझ्या पायाला हात लावला. "बाबा, पोखर्णीला निघालाव का? नवस हाय?"

भूगोलाचा शिक्षक खोटं बोलत नाही. मी म्हणालो, "हो, नरसिंहाचाच आहे."

"ओल्या अंगानं, ओल्या पडद्यानं, सायकलीवर! लय कडक नवस," ती म्हणाली आणि माझ्या हँडलला एक केळ अडकवलं. मी वळसा घातला. मागं लोक हात जोडून उभे होते. आयुष्यात इतका मान मला कधी मिळाला नव्हता, आणि तो मला सोडून भलत्यालाच मिळतोय हे मला पुरतं ठाऊक होतं.

परत पायऱ्यांवर सायकल टाकली आणि पळायला लागलो. पळणं हा शब्द मी नियमाला धरून वापरतो आहे. एक पाय टाकला की गोधडी तो विचारात घ्यायची आणि मग दुसऱ्याला परवानगी द्यायची. बाया आता थकून काठावर भाकरी सोडून बसल्या होत्या. मी जवळून गेलो की गप्पा थांबत, पदर तोंडाला जात, आणि मागं हशा फुटे. माझ्या ताठ मानेला मी शक्य तितकं ताठ ठेवलं. पाण्यानं जड झालेली मान तशीही वळत नव्हती.

पुलापाशी आलो तर शेवट सापडेना. दोन बाभळी होत्या, दोरी होती, पण दोरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लुगडी, धोतरं, परकर, पडदे वाळत घातले होते. कुणीतरी म्हणालं, आयती दोरी मिळाली. त्या कपड्यांच्या सावलीत अध्यक्ष दिनकरराव पागोटं मांडीवर घेऊन बसले होते आणि त्यांच्या टकलावर टपटप पाणी पडत होतं. त्यांना हलता येत नव्हतं, कारण कडूबाईंनी त्यांना कपडे सांभाळायला बसवलं होतं.

मी एक ओलं लुगडं बाजूला सारलं आणि दोरीला हात लावला. "शेवट," मी म्हणालो, आणि बसलो.

दिनकररावांनी पागोटं डोक्यावर चढवलं. "ठहरा. मामला पेचीदा हाय. पोहलात, कबूल. सायकल, कबूल. पळालात, असं धरू. पण गोधडी ही मदत मानायची का अडथळा? मदत असेल तर शर्यत रद्द. अडथळा असेल तर—"

"ते तुमी तुमचं बगा, काका," कमल म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली मला कळलं नाही. तिनं गोधडीकडं पाहिलं, एक-एक कोपरा उलगडून टाके तपासले. अंजिरी शाबूत, हिरवा शाबूत. विटक्या पिवळ्यावर तिचा हात जरा थांबला. मग ती माझ्याकडं वळली.

"नेलं ना शेवटाला?" मी विचारलं. माझा आवाज शाळेतल्या पोरासारखा निघाला.

"नेलं," ती म्हणाली. "पन कशाला? माझं धुणं शेवटाला नेलं तुमी. तुमची शर्यत न्हाई."

"मग आण?"

तिनं गोधडीचं एक टोक उचललं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. "पिळा."

मी उभा राहिलो. ती एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, मधे तिची आई. कमल पीळ देऊ लागली. मीही तिच्याकडं पाहत, तिची गोधडी जिकडं वळेल तिकडंच वळवत गेलो. गोधडी आमच्यामधे दोरखंडासारखी गरागरा फिरू लागली आणि तिच्यातून पाण्याचा थेंबही निघेना. काठावरच्या सगळ्या बाया एकदम ओरडल्या, "उलटं, मास्तर, उलटं!"

जन्मभर मी त्या बाईच्या उलट वागलो. नेमकं त्या दिवशी तिच्या मनासारखं फिरावं म्हणून मी सगळी ताकद लावत होतो.

मी हात उलटे केले. ती इकडं, मी तिकडं. गोधडी आवळली, कण्हली, आणि तिच्यातून असं पाणी सुटलं की बाभळीखालची माती काळी झाली. पिळता पिळता आम्ही जवळ जवळ आलो. कमलच्या कपाळावर केसांची ओली बट चिकटली होती.

"दुसरी शर्यत कवा म्हनता?" ती हळूच म्हणाली.

माझे हात थांबले. "म्हणजे... घ्यायची?"

"सोडू नका, पीळ उलगडंल." तिनं आपलं टोक आणखी एक वेढा फिरवलं. "दिवाळीच्या आत घ्या. जाजम अन् शाळेतले पडदे राह्यलेत."